लाईट येण्याआधी विहीर मोजायची

पहाटे ५.४५

कऱ्हेच्या खोऱ्यात जानेवारीची पहाट बोचरी असते. एवढ्या लवकर मुलं यायची नाहीत, असं सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. पण स्टँडसमोर मफलर-स्वेटर गुंडाळून सगळी हजर आहेत. कारण ही वेळ मी दिलेली नाही, त्यांनीच काढली आहे.

मागच्या आठवड्यात दोन गटांनी एकाच विहिरीची पाणीपातळी मोजली. एका गटाची नोंद जमिनीपासून ५.१० मीटर, दुसऱ्याची ७.३५. सव्वादोन मीटरचा फरक. दोन्ही गट एकमेकांच्या टेपला नावं ठेवू लागले. कारण मला ठाऊक होतं, पण मी दोन्ही नोंदवह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि गप्प बसलो. बरीच वादावादी झाली. मग घरी अंजिराची बाग असलेली, एरवी वर्गात फारशी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "तुम्ही गेलात तेव्हा लाईट होती का?"

तिथं गाठ सुटली. शेतीला थ्री-फेज वीज पाळीपाळीनं मिळते. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. एक गट गेला तेव्हा मोटार बराच वेळ बंद होती आणि पाणी स्थिरावलं होतं. दुसरा गेला तेव्हा दोन-तीन तास उपसा होऊन गेलेला. स्थिर पातळी आणि उपशातली पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात एका ओळीत असतं. ती ओळ फळ्यावर लिहून देता आली असती. मुलांनी ती भांडून मिळवली, वायरमनला गाठून फीडरचं वेळापत्रक आणलं आणि ठरवलं: या आठवड्यात दिवसपाळी आहे, साडेआठला लाईट येते, त्याआधी सगळ्या विहिरी मोजून संपवायच्या.

हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा फील्ड प्रोजेक्ट आहे. नवं शैक्षणिक धोरण आल्यावर महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमात त्याला स्वतंत्र श्रेयांक मिळाले, ही मला मोठी संधी वाटते. 'संशोधन पद्धती' हा विषय आपल्याकडे व्याख्या, प्रकार आणि 'चांगल्या गृहीतकाची वैशिष्ट्ये' असा शिकवला जातो, आणि परीक्षा संपली की झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सबरोबर विरून जातो. मी सुरुवात व्याख्येपासून करत नाही. सत्राच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हातात एक कागद देतो. या वर्षीच्या कागदावर एवढंच होतं: "एकाच शिवारात थोड्या अंतरावर दोन विहिरी आहेत. एक माघात आटते, दुसरीला चैत्रातही पाणी असतं. ग्रामपंचायतीला तिसरी विहीर घ्यायची आहे. कुठे घ्यावी?" पुढं काय करायचं ते कागदावर नाही.

सकाळी ६.४५

दिसायला लागलं तशी मोजणी सुरू झाली. चौदा विहिरी, चार गट.

पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. पोलादी टेपच्या टोकाला वजन, आणि शेवटच्या मीटरभराला खडू फासलेला. टेप आत सोडायची, कठड्यावर पूर्ण मीटरचा आकडा जुळवायचा, वर ओढून खडू कुठपर्यंत ओला झाला ते वाचायचं. जुळवलेल्या आकड्यातून ओला भाग वजा केला की कठड्यापासून पाण्याची खोली. त्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची. ही दुसरी वजाबाकी सुरुवातीला सगळेच विसरतात. मग उंच कठड्याच्या विहिरीत पाणी उगाच खोल दिसू लागतं.

मुलांनी स्वतः घातलेला एक नियम मला फार आवडतो. प्रत्येक विहीर दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि दोघांचंही लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. शेजाऱ्याचा आकडा कानावर पडला की आपला डोळा त्याच आकड्याकडे झुकतो, हे त्यांनी अनुभवलंय. लिहायचं पेननं, खाडाखोड करायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, खालचा आकडा दिसला पाहिजे.

मी या वेळी विहिरींच्या भिंती पाहत फिरतो. आपल्या राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टवर आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थरावर थर. या दगडात वाळूसारखं सगळीकडे पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि शेतकरी ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र, मऊसर खडकात राहतं. घट्ट काळ्या कातळात जवळजवळ काहीच नसतं. म्हणून या भागात पाण्याचा अंदाज वावरावावराला बदलतो, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांना देण्यासाठी याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही. उत्तर कुठल्याही पुस्तकाच्या मागच्या पानावर सापडणार नाही, आणि ते त्यांच्या घरच्यांनाही हवं आहे.

एका गटातला मुलगा वाकून आत पाहत होता. "सर, मध्येच तांबडा पट्टा दिसतोय. हातभर रुंद." दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेला तो लाल थर, पुष्कळदा त्यातून पाणी खाली झिरपत नाही. हे मी बोललो नाही. "किती खोलीवर आहे?" एवढंच विचारलं. त्यानं टेप पुन्हा सोडली.

८.३०

लाईट आली. शिवारभर मोटारी एकामागून एक सुरू झाल्या आणि मोजणी थांबली. एक गट मात्र मुद्दाम मागं राहिला. उपसा सुरू झाल्यावर पाणी किती वेगानं खाली जातं ते त्यांना दर दहा मिनिटांनी नोंदवायचंय. हे कागदावर नव्हतं. मागच्या आठवड्यातल्या भांडणाचंच हे फळ.

तात्यांच्या ओट्यावर चहा झाला. त्यांची विहीर कधी खणली, किती खोल, असं एकीनं विचारलं. "आमच्या वडलांनी सात परस खणली. बहात्तरच्या दुष्काळात अजून दोन परस खाली नेली." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. परस म्हणजे किती? तात्या उभे राहिले, "हा एवढा, माणूसभर." कोणता माणूस? दुसऱ्या आळीतल्या आजोबांनी हात वर करून दाखवलं होतं. मुलांनी तिथंच नोंदवहीत दोन वेगळे रकाने आखले: 'सांगितलेलं' आणि 'मोजलेलं'. तात्यांचा आकडा पहिल्यात, त्यांच्याच शब्दांत; मीटर दुसऱ्यात, टेप लागली तरच. असा एक निर्णय तरुण डोक्यातून निघताना पाहिला की मला दिवसभराचं बळ मिळतं.

बोअरचा विषय निघाला तेव्हा तात्या सावध झाले. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर आणि बोअरवर कायद्यानं निर्बंध आहेत. त्यामुळं कागद घेऊन कुणी आलं की शेतकऱ्याला वाटतं, उद्या नोटीस येणार. अशा भीतीपोटी मिळालेला आकडा कामाचा नसतो, आणि भीती घालून मिळवलेला आकडा घेण्याचा आपल्याला हक्कही नाही. गटानं आधीच एक पान तयार केलंय: आम्ही कोण, कशासाठी मोजतो, कुणाला दाखवणार, नको असेल तर नाही म्हणा. ते मोठ्यानं वाचून दाखवतात, कारण सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही. अहवालात गट नंबर नाही, नाव नाही; वि-१ ते वि-१४ एवढंच. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "लिहा मग," म्हणाले, "दोन बोअर आहेत. एक कोरडी गेली."

कोरडी गेलेली बोअर सहसा कुणी सांगत नाही.

१०.४५

कॉलेजात परतून प्रथम वर्षाचा तास. इथं साठेक मुलं, बाक खिळलेले, गट पाडायला जागा नाही. तरी प्रश्नापासूनच सुरुवात करायची.

आज लंडनचा १८५४ चा कॉलरा. त्या साथीचा तपास करणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोचं नाव न घेता मी फळ्यावर रस्त्यांचा नकाशा काढला, मृत्यूंच्या खुणा केल्या, ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप दाखवला. त्या काळी डॉक्टरांची समजूत होती की रोग घाणेरड्या हवेतून पसरतो. "पंपाजवळ मेले म्हणजे पंपामुळंच मेले का?" बऱ्याच जणांनी हो म्हटलं. मग मागच्या बाकावरून एकानं हरकत घेतली, "पंपाजवळची हवाही तीच असणार ना सर." अगदी बरोबर. नुसत्या नकाशावरून दोन्ही स्पष्टीकरणं तग धरतात.

मग मी त्यांना एकेक अपवाद दिला. पोलंड स्ट्रीटवरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या जागेत, ५३५ माणसं राहत होती, चारी बाजूंना मरण, पण आत मृत्यू फक्त ५; त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार वाचले. ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते. आणि दूर हॅम्पस्टेडला, जिथं साथ नव्हती, तिथं एक विधवा गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडायचं म्हणून ते रोज तिच्याकडे पोचवलं जायचं. हवा तीच आणि पाणी वेगळं, तर माणसं वाचली. हवा वेगळी आणि पाणी तेच, तर बाई गेली. वर्ग शांत झाला होता. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, हेही मी सांगितलं. गोष्ट रंगावी म्हणून पुरावा वाढवून सांगायचा नसतो, आणि हे पहिल्याच वर्षी कळलेलं बरं.

१२.१५

ग्रंथालय. ग्रंथपाल मॅडम या कामात माझ्या बरोबरीच्या शिक्षिका आहेत, मदतनीस नव्हेत.

एका गटानं कॅटलॉगमध्ये 'कऱ्हा' आणि 'पाणी' हे शब्द टाकले आणि आचार्य अत्रे यांचं 'कऱ्हेचे पाणी' समोर आलं. मॅडमनी आत्मचरित्राचा तो खंड मुलांच्या हातात ठेवला, "हे घरी न्या आणि वाचाच" म्हणाल्या, मग शांतपणे विचारलं, की तुमच्या प्रश्नावर लिहिणारा माणूस कोणते शब्द वापरेल? मुलांनी यादी केली: भूजल, बेसॉल्ट, पाणलोट, पाणीपातळी, पुनर्भरण, आणि त्यांची इंग्रजी रूपं. शोधगंगेवर भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. पुण्याच्या आसपासच्या भूजलावरचे काही प्रबंध तिथं निघाले. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकापासून निरीक्षण विहिरी मोजते आहे, वर्षातून चारदा, आणि त्यात जानेवारीही येतो. म्हणजे मुलांच्या आजच्या आकड्यांना जोडीला ठेवायला आकडे आहेत. आणि जुनं गॅझेटिअर: मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुण्यावरचा अठरावा खंड १८८५ चा आहे, त्यात विहिरी आणि शेतीबद्दल पानंच्या पानं आहेत. मुलांना ती इंग्रजी जड जाते. जाऊ दे, हळूहळू वाचतील.

आज एक वेगळी गोष्ट झाली. एका मुलानं एआयकडून संदर्भांची यादी करून आणली होती. नीट टंकलेली, वर्ष, खंड, पानं, सगळं. मॅडम म्हणाल्या, "पहिला उघडून दाखव." पहिला उघडला. दुसराही. तिसरा कुठंच नाही: ते नियतकालिक खरं, तो खंडही खरा, पण त्या पानांवर भलताच लेख. मुलगा ओशाळला. मॅडमनी त्याला रागावलं नाही. शोधायला यंत्र वापर, पण जे तू स्वतः उघडून वाचलंस तेवढंच यादीत येईल, असा नियम त्यांनी तिथंच घालून दिला. त्यानं दुपारपर्यंत यादी निम्मी केली, आणि त्या निम्म्या यादीतल्या प्रत्येक लेखातलं एक वाक्य त्याला सांगता येत होतं.

१.३०

डबा. स्टाफरूममध्ये नेहमीचा, आणि अगदी रास्त, प्रश्न निघाला: अशानं अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार?

समस्याधारित शिक्षणाची सुरुवात कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ मध्ये झाली. पहिल्या दिवसापासून रुग्ण समोर, आणि शरीरशास्त्र त्या रुग्णासाठी शिकायचं. तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातोय. २००३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ज्ञान वापरण्याच्या कौशल्यात ही मुलं स्पष्टपणे सरस दिसली. माहितीच्या परीक्षेत ती किंचित मागं होती, पण शिकलेलं जास्त काळ लक्षात ठेवत होती. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी कडक टीका केली, की नवख्याला कमी मार्गदर्शनावर सोडणं म्हणजे त्याच्या डोक्यावर नको तेवढा भार टाकणं. मी ही टीका मनापासून गंभीर मानतो. मुलांच्या हाती प्रश्न देऊन निघून जाणं हे शिकवणं नव्हे. टेप कशी वापरायची हे मी पहिल्या दिवशी हातात हात धरून दाखवतो. विहिरीच्या काठाशी कसं उभं राहायचं याला तर चर्चाच नाही. पण काय मोजायचं आणि कशासाठी, ते त्यांनी ठरवायचं. रेघ नेमकी कुठं ओढायची हा निर्णय मला रोज नव्यानं घ्यावा लागतो.

सहकारी म्हणाले, तुमच्याकडे गट लहान, म्हणून जमतं. तेही खरं आहे.

२.१५

आजचा मुख्य तास. एक गट, सात मुलं, गोल बसलेली. एकजण चर्चा चालवतो, एकजण फळ्यावर लिहितो, दर आठवड्याला पाळी बदलते. मी कोपऱ्यात. मास्ट्रिख्ट विद्यापीठानं याचे सात टप्पे बांधून दिलेत: शब्द स्पष्ट करणं, समस्या नेमकी मांडणं, सुचेल ते सगळं बोलणं, त्याची जुळणी, काय शिकायला हवं ते ठरवणं, स्वतः अभ्यास, आणि परत येऊन मांडणं. आम्ही ते सैलसर वापरतो. फळ्यावर मात्र तीन रकाने पक्के: 'ठाऊक आहे', 'वाटतं', 'शोधायचं'. दुसऱ्यातून पहिल्यात काही न्यायचं तर नोंदवहीतलं पान दाखवायचं.

सकाळचे आकडे फळ्यावर आले. सरासरी काढली, ती विचित्र आली. गावकुसाजवळची एक जुनी, वापरात नसलेली, फार खोल विहीर सगळ्यांना खाली ओढत होती. एकानं ती यादीतून पुसायला हात उचलला. "का पुसतोस?" असं मी नाही, गटातल्याच मुलीनं विचारलं. मग मध्यक काढायचं ठरलं. शाळेत दहावीला मध्य, मध्यक, बहुलक सगळ्यांनी पाठ केलेलं. आज पहिल्यांदा मध्यक कशासाठी असतो ते त्यांना कळलं, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

'वाटतं' या रकान्यात पहिलं वाक्य होतं: ओढ्याजवळच्या विहिरींना पाणी टिकतं. चौदापैकी बहुतेक विहिरी याच्या बाजूनं साक्ष देतात. दोन देत नाहीत. वि-४ अगदी ओढ्याकाठी असून माघात आटते. वि-११ माळावर, ओढ्यापासून लांब, तरी चैत्रापर्यंत टिकते. मागच्या महिन्यात हीच मुलं म्हणाली असती, की दोनच तर आहेत, सोडून द्या. आज ती त्या दोघींनाच चिकटून बसली. वि-११ च्या भिंतीतला तांबडा पट्टा कुणीतरी सांगितला. तळ त्याच्या वरच थांबतो. आणि वि-४? तात्या म्हणाले होते, दुष्काळात खाली नेली. म्हणजे पट्टा फोडला असेल का? लेखनिकानं 'वाटतं' खाली लिहिलं: "पट्टा पाणी अडवतो?" प्रश्नचिन्ह तिनं दोनदा गिरवलं.

आणि मग पाणाड्याचा विषय निघाला.

गटातल्या एका मुलाचे चुलते पाणाडे आहेत. पायाळू जन्मलेले, हातात उंबराची बेचकी घेऊन वावर चालतात, बेचकी झुकली की तिथं खुंटी. पंचक्रोशीत त्यांना मान आहे. ग्रामपंचायतीच्या तिसऱ्या विहिरीसाठी त्यांनी जागा सांगितलीसुद्धा. दोघं हसले. मुलाचा चेहरा उतरला. मी तास थांबवला, कारण हसण्यानं कुठलाही दावा खोटा ठरत नाही आणि घरच्या माणसाची अशी अवहेलना या खोलीत चालणार नाही. जमिनीखालचं पाणी ओळखायची धडपड आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिरानं बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय त्यावर लिहिलाय, झाडं, वारुळं, माती यांच्या खुणांसकट. तेव्हा प्रश्न मी असा मांडला: चुलत्यांना पाणी सापडतं की नाही, हे तपासायचं झालं तर कसं तपासाल?

पुढचा पाऊण तास मी एक शब्द बोललो नाही.

पहिली सूचना: त्यांनी सांगितलेल्या जागी पाणी लागलं का ते विचारायचं. लगेच दुसरीनं अडवलं, की लागलेल्या जागाच लोक सांगतील. कोरड्या गेलेल्या कोण सांगतो? मला सकाळचे तात्या आठवले. मग ठरलं, सगळ्या जागांची यादी हवी, फसलेल्यांसकट. तिसरा म्हणाला, पण 'पाणी लागलं' म्हणजे किती? घागरभर की मोटार चालेल एवढं? ते आधी ठरवायला हवं, नंतर ठरवलं तर आपण आपल्याला हवं तसं ठरवू. मग बागवाली मुलगी बोलली, "आपल्या भागात कुठंही खणलं तर थोडंफार लागतंच की. मग काकांमुळं लागलं हे कसं कळणार?" फळ्यावर एक नवी ओळ आली: कुणालाही न विचारता खणलेल्या जागांपैकी किती ठिकाणी लागलं? शेवटी त्या पुतण्यानंच सुचवलं की काकांना डोळे बांधून तेच वावर दोनदा चालायला सांगता येईल, आणि खुंट्या एकाच जागी पडतात का ते पाहता येईल. "पण आधी मी त्यांना विचारेन. ते हो म्हणाले तरच."

तुलनेचा गट, आधी ठरवलेली व्याख्या, निवडक आठवणींचा धोका, पुनरावृत्ती, संमती. यातला एकही शब्द कुणी उच्चारला नव्हता आणि सगळे फळ्यावर होते. तेव्हा कुठं मी त्यांना सांगितलं, की १९८० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत म्युनिकजवळ एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ सरकवत आणि वरच्या मजल्यावर पाणाड्यांना चालवत शेकडो चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना त्यात काही जणांचं कसब दिसलं, पण तेच आकडे पुन्हा तपासणाऱ्याला नशिबापलीकडे काही दिसलं नाही. दोन्ही लेख वाचून या. हे मी तासाच्या सुरुवातीला सांगितलं असतं तर त्यांची चाचणी जन्मालाच आली नसती.

४.३०

नोंदवह्या. याच्या गुणांपैकी मोठा वाटा मी निष्कर्षाला देत नाही, प्रश्न कसा बदलत गेला याला देतो. पहिल्या पानावर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: गावात पाणी का नाही? हा प्रश्न नाही, ही व्यथा आहे, आणि ती खरी आहे. तिथून मोजता येईल अशा प्रश्नापर्यंत येताना काय काय सुटलं, काय मुद्दाम सोडलं, ते मला वाचायचं असतं.

एका वहीत लिहिलंय: "आज तिसऱ्या विहिरीचं वाचन आमच्या दोघांत २० सेंटिमीटरनं वेगळं आलं. पुन्हा मोजायला वेळ नव्हता. दोन्ही लिहिली आहेत." मी समासात 'उत्तम' लिहिलं. दुसऱ्या वहीत सगळे आकडे ५ किंवा ० वर संपतात. तिथं फक्त विचारलं, टेपवर मिलिमीटरच्या रेघा आहेत ना?

उरलेला वेळ मूल्यमापनाचे तक्ते, पुराव्यांच्या फायली, जिओ-टॅग केलेले फोटो. तेही होतं.

रात्री ९.३०

पुढच्या वर्षीच्या कागदाची जुळवाजुळव करत बसलोय. अंजिराचा विचार आहे: एकाच वाणाची, एकाच बहाराची फळं, एका बागेत टिकतात आणि शेजारच्या बागेत दोन दिवसांत मऊ पडतात. कागद फार मोठा झालाय. त्यातच अर्धं उत्तर आलंय, ते काढायला हवं.

तेवढ्यात गटाचा मेसेज आला. "सर, प्रश्न बदलला. ओढ्यापासूनचं अंतर साधारण सारखं असेल, तर तांबड्या पट्ट्याच्या वर तळ असलेल्या विहिरी आणि पट्टा फोडून खाली गेलेल्या विहिरी यांच्या पातळीत जानेवारी ते मार्च होणारी घट वेगळी असते का?"

मी ते दोनदा वाचलं. मग लिहिलं: "पट्टा फोडलेल्या विहिरी तुमच्याकडे किती आहेत?"

"तीन. पडकी वि-९ आत उतरून बघितली तर कदाचित चार. तिचा कठडा ढासळलाय, पट्टा वरून दिसत नाही."

"आत कुणीही उतरायचं नाही," मी उत्तर दिलं. "काठाजवळही जाऊ नका. उद्या सात वाजता मी येतो, वरून काय दिसतं ते आधी बघू. आणि तात्यांना फोन करा, ती विहीर खणणारं कुणी अजून गावात आहे का विचारा."

"केला सर," लगेच आलं. "एक आजोबा आहेत. ते म्हणाले, दुपारनंतर या."